मोठ्या गुरूचं ऐकून वाट चुकली आणि नवशिक्या पोराचं ऐकून सापडली! कोण होती ल्यूसी री?

लंडनमध्ये हाइड पार्कच्या उत्तरेला ॲल्बियन म्यूज नावाची एक छोटी गल्ली आहे. जुन्या काळी श्रीमंतांचे घोडे आणि बग्ग्या ठेवायला लंडनमध्ये अशा गल्ल्या असायच्या. खाली तबेला, वर राहायची खोली. घोडे गेले, मोटारी आल्या आणि या तबेल्यांची घरं झाली.

अशाच एका जुन्या तबेल्यात, १८ नंबरला, १९३९ साली एक बाई राहायला आली. वय ३७. देश सोडून आलेली. खाली तिने मातीकामाचं वर्कशॉप थाटलं, वरच्या मजल्यावर घर. पुढची जवळपास ५६ वर्षं ती याच पत्त्यावर राहिली आणि इथेच गेली.

तिचं नाव ल्यूसी री.

आज तिच्या त्या वर्कशॉपचा भाग, चाकासकट, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जसाच्या तसा उभा केलेला आहे. तिची भांडी जगभरातल्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. पण ती लंडनला आली तेव्हा इथल्या जाणकारांचं तिच्या कामाबद्दलचं मत काही बरं नव्हतं. भांडी फार पातळ आहेत, जीव नाही, हे काही खरं कुंभारकाम नव्हे, असा एकूण सूर होता.

आणि गंमत म्हणजे तिने ते ऐकलं. काही वर्षं तिने दुसऱ्यांना आवडतील अशी भांडी करून पाहिली. ती जमली नाहीत.

मग तिला तिची स्वतःची वाट परत कुणी दाखवली? तर मातीला कधी हातही न लावलेल्या एका २६ वर्षांच्या पोराने. तिच्याकडे तो कामाला आला होता. काम होतं बटणं दाबायचं.

ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी एक साधा प्रश्न : स्टुडिओ पॉटर म्हणजे काय?

आपल्याकडे कुंभार म्हटलं की माठ, पणत्या, चुली, गणपतीच्या दिवसांत मूर्ती, असं सगळं डोळ्यासमोर येतं. घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं काम. गावाला लागतं ते बनवायचं.

इंग्लंडमध्येही असे गावोगावचे कुंभार होते. पण कारखाने आले, यंत्रावर हजारोंनी कपबशा निघायला लागल्या आणि हातकाम मागे पडलं. कारखान्यात डिझाइन एक जण करणार, साचा दुसरा काढणार, रंग तिसरा देणार आणि भट्टी चौथा लावणार.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही कलावंतांनी ठरवलं की हे सगळं आपण एकाच हाताने करायचं. माती मळायची आपण, चाकावर घडवायची आपण, वरचा काचेसारखा थर म्हणजे ग्लेझ बनवायचं आपण आणि भट्टीही लावायची आपणच. छोट्या वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या नजरेने, स्वतःच्या सहीने. याला नाव पडलं स्टुडिओ पॉटरी.

इंग्लंडमध्ये या चळवळीतलं सगळ्यात मोठं नाव होतं बर्नार्ड लीच. त्याचा जन्म हाँगकाँगचा. जपानमध्ये तो कुंभारकाम शिकला आणि १९२० साली शोजी हामादा या जपानी कुंभार मित्राला सोबत घेऊन इंग्लंडच्या सेंट आइव्हज गावात त्याने भट्टी घातली. १९४० मध्ये त्याचं 'अ पॉटर्स बुक' आलं आणि पुढे कित्येक वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या कुंभारांसाठी ते जवळपास पोथीच झालं.

लीचचं म्हणणं साधारण असं : भांडं साधं असावं, भरीव असावं, रोजच्या वापराचं असावं. रंग मातकट, तपकिरी, हिरवट-राखाडी. भट्टीत खरी ज्योत असावी. जपान, कोरिया, चीन आणि इंग्लंडची जुनी खेडवळ भांडी हा त्याचा आदर्श.

आता या वातावरणात व्हिएन्नाहून ल्यूसी आली.

व्हिएन्नातलं घर

ल्यूसीचा जन्म १६ मार्च १९०२ चा, व्हिएन्नाचा. माहेरचं आडनाव गोम्पर्त्स. घर ज्यू, सुखवस्तू. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. आईच्या माहेरी वाइनचा व्यवसाय. तिच्या मामाकडे आयझेनश्टाट गावी उत्खननात मिळालेल्या रोमन काळातल्या वस्तूंचा संग्रह होता, त्यात मातीची भांडीही होती. हजारो वर्षांपूर्वीचं मातीचं काम तिने असं लहानपणीच जवळून पाहिलं.

दोन भावांपैकी एक, पॉल, पहिल्या महायुद्धात मारला गेला.

१९२२ मध्ये तिने व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या शाळेत नाव घातलं. तिथे मिखाएल पोवोल्नी मातीकाम शिकवायचा. पण तिथलं चाक तिने पाहिलं आणि ती त्याच्यात हरवली, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं. मूर्ती, सजावट, नक्षीदार शोभेच्या वस्तू यांपेक्षा चाकावर फिरणारी माती वर उचलत नेणं हेच तिला हवं होतं.

तो काळ व्हिएन्नात आधुनिक डिझाइनचा होता. घर, खुर्ची, चमचा, कप, सगळ्यांचा नव्याने विचार चाललेला. अनावश्यक नक्षी काढून टाका, आकार नेमका ठेवा, असं हे वळण. ल्यूसीची भांडी याच हवेत वाढली. बारीक, पातळ, हलकी आणि नेमकी.

१९२६ मध्ये हान्स रीशी तिचं लग्न झालं. तो हॅटच्या धंद्यात होता. त्यांच्या फ्लॅटचं फर्निचर एर्न्स्ट प्लिश्के या तरुण आर्किटेक्टने केलं. हे फर्निचर लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

ल्यूसीचं काम युरोपभर दिसायला लागलं. १९३७ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात तिला रौप्यपदक मिळालं.

आणि पुढच्याच वर्षी सगळं मोडलं.

१९३८ : एका वर्षात सगळं गेलं

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. ज्यू कुटुंबांसाठी तिथे राहणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याच वर्षी ल्यूसी आणि हान्स इंग्लंडला निघून आले. हान्सला पुढे अमेरिकेला जायचं होतं. ल्यूसीने लंडनला राहायचं ठरवलं. लग्न १९४० मध्ये संपलं.

प्लिश्केने केलेलं ते फर्निचर मात्र तिने व्हिएन्नाहून मागवून घेतलं. ॲल्बियन म्यूजच्या छोट्या घरात ते बसवून देणारा आर्किटेक्ट होता एर्न्स्ट फ्रॉइड, म्हणजे मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइडचा मुलगा. तोही असाच देश सोडून आलेला.

एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. देश सोडून आलेल्या माणसाला काम नुसतं आवडून चालत नाही. ज्या कामावर पोट आहे, त्याला नव्या गावात मान मिळावा लागतो. व्हिएन्नात तिचं नाव होतं, इथे ते कुणाला माहीत नव्हतं. आणि इथे 'चांगलं भांडं' कशाला म्हणायचं हे ठरवणारे लोक वेगळे होते.

लीचने तिची भांडी पाहिली. त्याला ती पटली नाहीत. फार पातळ, फार हलकी. त्याच्या मापाने मोजलं तर ती बसतच नव्हती.

तरी दोघांची मैत्री झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली. लीच हा काही या गोष्टीतला खलनायक नाही. पण त्या वेळी ल्यूसीने त्याचं मत मनावर घेतलं. ती जाड, भरीव भांडी करायला लागली. तिचा हात एकीकडे, काम दुसरीकडे, अशी अवस्था.

युद्ध आलं आणि भांड्यांची बटणं झाली

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर शोभेच्या भांड्यांना बाजार राहिला नाही. ब्रिटनमध्ये कपड्यांचंही रेशनिंग सुरू झालं.

फ्रिट्झ लाम्पल नावाचा व्हिएन्नाचाच एक ओळखीचा माणूस लंडनमध्ये 'बिमिनी' नावाचं काचकामाचं वर्कशॉप चालवत होता. त्याच्यासाठी ल्यूसी बटणं बनवायला लागली. पुढे तिने मातीच्या बटणांचं स्वतःचं काम उभं केलं. मधल्या काळात युद्धाला लागणाऱ्या चष्म्या-दुर्बिणींच्या भिंगांसारख्या वस्तूंच्या कारखान्यातही तिने काम केलं.

युद्ध संपल्यावर बटणांचा धंदा जोरात आला. लंडनच्या मोठ्या फॅशनवाल्यांना कोटाला, गाऊनला शोभतील अशी बटणं हवी असायची. कापडाचा तुकडा यायचा आणि त्याच्या रंगाला जुळणारं बटण करून द्यावं लागायचं.

हे काम दिसतं तसं सोपं नाही. ग्लेझ भट्टीत जाण्याआधी एका रंगाचं असतं, बाहेर येतं तेव्हा वेगळंच. कुठल्या धातूचा किती अंश घातला की कुठला रंग येतो, हे करून बघूनच कळतं. शेकडो बटणं म्हणजे शेकडो चाचण्या. ल्यूसी सगळ्या नोंदी वहीत लिहून ठेवायची. पुढे तिच्या भांड्यांवर जे रंग दिसले, त्यांचा मोठा अभ्यास या बटणांवर झाला होता.

आपल्याला वाटतं की पोटापाण्याच्या कामात कला वाया जाते. इथे उलटं झालं. बटणांनी भाडंही दिलं आणि ग्लेझही शिकवलं.

या वर्कशॉपमध्ये कामाला येणारे बरेच जण तिच्यासारखेच निर्वासित होते.

१९४६ मध्ये त्यातलाच एक आला. हान्स कोपर.

कोपरने काय पाहिलं?

हान्स कोपरचा जन्म १९२० चा, जर्मनीतल्या केम्निट्झचा. वडील ज्यू. नाझी राजवटीतल्या छळाच्या काळात वडिलांनी आत्महत्या केली. कोपर १९३९ मध्ये इंग्लंडला पळून आला. तर इंग्लंडने जर्मन म्हणून, म्हणजे शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून, त्याला १९४० मध्ये पकडलं आणि कॅनडातल्या छावणीत पाठवलं. ब्रिटिश सैन्याच्या मजूर तुकडीत भरती होऊन तो परत आला. युद्ध संपल्यावर हातात काही नाही. शिल्पकार व्हायचं मनात होतं. मातीकामाचा अनुभव शून्य.

ल्यूसीने त्याला बटणं दाबायला ठेवलं. म्हणजे प्लास्टरच्या साच्यात माती भरायची, दाबायची, काढायची.

थोड्याच दिवसांत तिला कळलं की हा नुसता कामगडी नाही. तिने त्याला चाक शिकायला दुसऱ्या एका शिक्षकाकडे पाठवलं. तो भराभर शिकला. काही काळातच दोघं मिळून कॉफीचे कप, किटल्या, सॅलडचे बाउल करायला लागले.

आणि कोपरने एक गोष्ट केली. त्याने ल्यूसीची व्हिएन्नातली जुनी भांडी पाहिली, ती पातळ, हलकी, नेमकी भांडी. मग सध्या चाललेलं जाड काम पाहिलं. आणि तिला सांगितलं की तुझं खरं काम ते जुनं आहे. लीचसारखं करायचा प्रयत्न सोड.

जरा विचार करा. तिचं वय चव्वेचाळीसच्या पुढे. वीसहून जास्त वर्षांचा अनुभव, आंतरराष्ट्रीय पदकं. समोर कालपरवा कामाला लागलेला पोरगा. एरवी कुणी म्हणालं असतं, तू तुझी बटणं दाब.

ल्यूसीने त्याचं ऐकलं.

का ऐकलं असेल? एक तर्क करता येतो. लीचकडे कुंभारकामाचं एक तयार माप होतं आणि त्या मापाने तो तिला मोजत होता. कोपरकडे मापच नव्हतं. त्यामुळे त्याला समोर जे आहे तेवढंच दिसलं. या दोन बोटांमधली माती इतकी पातळ वर जाते, तर ती जाऊ द्यावी.

मग तिने नेमकं काय केलं?

१९४८ मध्ये ल्यूसीने मोठी इलेक्ट्रिक भट्टी घेतली आणि ती स्टोनवेअरकडे वळली. स्टोनवेअर म्हणजे साधारण १२५० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलेली, दगडासारखी टणक झालेली माती. आपला माठ याच्या कितीतरी कमी तापमानाला भाजलेला असतो, म्हणून तर त्यातून पाणी झिरपतं आणि ते गार राहतं. स्टोनवेअरमधून पाणी झिरपत नाही.

तिच्या कामातल्या तीन गोष्टी समजल्या की तिची भांडी कळायला लागतात.

पहिली, एकच भाजणी. नेहमीची पद्धत अशी : भांडं वाळवायचं, एकदा भट्टीत भाजायचं, मग त्यावर ग्लेझ चढवायचं आणि दुसऱ्यांदा भाजायचं. ल्यूसी कच्च्या, वाळलेल्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावायची आणि एकदाच भाजायची. यात धोका असतो. कच्ची माती ग्लेझमधलं पाणी पिते, भांडं तडकू शकतं, खचू शकतं. पण जमलं तर माती आणि ग्लेझ एकदमच पिकतात, एकमेकांत मुरतात. रंग वरून लावल्यासारखा वाटत नाही, आतून आल्यासारखा वाटतो.

दुसरी, इलेक्ट्रिक भट्टी. लीचच्या परंपरेत भट्टीतल्या ज्योतीला, धुराला, आत कमी केलेल्या हवेला फार महत्त्व. त्यातूनच ग्लेझला खोली येते असं मानलं जायचं. विजेच्या भट्टीत ज्योतच नाही, म्हणून रंग सपाट येणार असा समज. शहराच्या मधोमध, गल्लीतल्या घरात ल्यूसीला विजेची भट्टीच सोयीची होती. तिने तक्रार केली नाही, त्याच भट्टीला चालतील अशी ग्लेझं शोधली. ज्वालामुखीच्या दगडासारखी खडबडीत, भोकं पडलेली. मँगनीज आणि तांब्याची, कांस्यासारखी सोनेरी चमकणारी आणि काठावरून खाली ओघळणारी. युरेनियम ऑक्साइडची लिंबासारखी पिवळी. यातलं मँगनीज, युरेनियम हे प्रकार धोक्याचे आहेत, तेव्हा फोटो बघून घरी करायला जाऊ नका.

तिसरी, रेघा. १९४८ मध्ये ती आणि कोपर एव्हबरी या गावी गेले. तिथे प्राचीन दगडांची मोठी वर्तुळं आहेत आणि एक छोटं संग्रहालय आहे. तिथे तिने कांस्ययुगातली भांडी पाहिली. त्यांच्यावर रेघा कोरलेल्या होत्या आणि शेजारी पक्ष्यांची हाडं ठेवलेली होती, त्या रेघा बहुतेक याच हाडांनी कोरल्या असाव्यात म्हणून. ल्यूसीने घरी येऊन सुई घेतली आणि गडद थरावर केसासारख्या बारीक रेघा ओढायला लागली. रेघ ओढली की खालचा पांढरा थर दिसतो. एकेक रेघ हाताने, मोजपट्टीशिवाय.

यातून तिचे ओळखीचे आकार आले. इवल्याशा बैठकीवर उभा राहून वर फुलासारखा उघडणारा बाउल. लांब मानेची, वर तोंड पसरलेली बाटली, जी ती वेगवेगळ्या तुकड्यांत चाकावर करून मग जोडायची. कधी दोन रंगांच्या माती एकत्र चाकावर घ्यायची, की भांड्याभोवती रंगाची वेल फिरत वर जायची.

ती उंचीने लहानखुरी होती आणि तिची भट्टी वरून उघडणारी. तळाचं भांडं काढायचं तर कमरेत वाकून अर्धं अंग आत घालावं लागायचं. ऐंशीच्या घरात असतानाही ती हे करत होती. १९८२ मध्ये बीबीसीसाठी डेव्हिड ॲटनबरो यांनी तिच्यावर कार्यक्रम केला, त्यात तिचं काम करणं पाहायला मिळतं.

आणि शिक्षक म्हणून ती कशी होती?

१९६० ते १९७२ अशी बारा वर्षं ल्यूसीने लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात शिकवलं. कोपरही तिथे शिकवायचा, पुढे तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवायला लागला.

ल्यूसी स्वतःच्या कामाबद्दल बोलायला नाखूश. भांडी करायला आवडतात, त्यांच्याबद्दल बोलायला आवडत नाही, असा तिचा बाणा. तिने लीचसारखं पुस्तक लिहिलं नाही. घरी येणाऱ्याला ती चहा आणि स्वतः केलेला केक द्यायची, पण तत्त्वज्ञान द्यायची नाही.

मग अशा माणसाच्या हाताखाली विद्यार्थी काय शिकणार?

याचं उत्तर त्यांच्या कामात आहे. कॅम्बरवेलला तिच्या काळात शिकून पुढे मोठे झालेले दोघं घ्या, यूएन हेंडरसन आणि जॉन वॉर्ड. हेंडरसनचं काम म्हणजे वेगवेगळ्या माती एकमेकांत वितळवून केलेले खडबडीत, उंचसखल आकार, एखाद्या कड्याचा तुकडा वाटावा असे. वॉर्डची भांडी चाकावर केलेलीच नाहीत, हाताने माती चढवत बांधलेली, पट्ट्यापट्ट्यांची, शांत. कोपरच्या हाताखाली रॉयल कॉलेजात शिकलेल्या एलिझाबेथ फ्रिच आणि ॲलिसन ब्रिटन यांचंही तसंच. दोघींनीही हाताने बांधायची पद्धत धरली.

म्हणजे बघा, ल्यूसीची ओळख काय? चाकावरचं पातळ भांडं. आणि तिच्या नावाशी जोडलेल्या या विद्यार्थ्यांनी तेच केलं नाही.

ज्या बाईने दुसऱ्याच्या मापाचं भांडं करण्यात आयुष्यातली काही वर्षं घालवली होती, तिच्या वर्गातून तिच्या मापाची भांडी बाहेर पडली नाहीत. हे योगायोगाने झालं असेल असं वाटत नाही.

कोपरची गोष्टही इथे पूर्ण करायला हवी. १९५८ पर्यंत तो ॲल्बियन म्यूजला काम करत राहिला, मग त्याने स्वतःचा स्टुडिओ केला. कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमधल्या मेणबत्त्यांच्या सहा उंच दिवठाण्या त्याच्या हातच्या. त्याची भांडी ल्यूसीसारखी दिसत नाहीत, जुन्या शिल्पासारखी दिसतात. ल्यूसी कायम म्हणायची की कलावंत तो, मी आपली कुंभार. १९८१ मध्ये एका दुर्धर आजाराने तो गेला.

नाव झालं, पण बटणं विसरली गेली नाहीत

ओळख मिळायला वेळ लागला, पण मिळाली. १९६७ मध्ये ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलने तिच्या एकूण कामाचं प्रदर्शन भरवलं. १९६८ मध्ये ओबीई, १९८१ मध्ये सीबीई आणि १९९१ मध्ये 'डेम' हा ब्रिटनमधला मोठा किताब.

१९८४ मध्ये जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके लंडनमध्ये होता. एका पुस्तकात त्याने तिची भांडी पाहिली आणि तो थेट तिला भेटायला गेला. पुढे १९८९ मध्ये त्याने टोकियो आणि ओसाकाला तिचं मोठं प्रदर्शन घडवलं. प्रदर्शनाची मांडणी केली आर्किटेक्ट तादाओ आंदोने.

विचार करा, ज्या जपानी परंपरेचा दाखला देऊन तिची भांडी नापसंत केली गेली होती, त्याच जपानने तिला डोक्यावर घेतलं.

आणि मियाकेला तिची जुनी बटणंही आवडली. चाळीसेक वर्षांपूर्वी पोटासाठी केलेली ती बटणं त्याने १९८९ च्या आपल्या कपड्यांवर लावली. तिने नंतर आपल्याकडची बटणं त्यालाच दिली.

१९९० मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि तिचं काम थांबलं. १ एप्रिल १९९५ रोजी, ९३ व्या वर्षी, ती ॲल्बियन म्यूजच्या घरी गेली. प्लिश्केचं ते फर्निचर पुन्हा व्हिएन्नाला परतलं, आता ते तिथल्या फर्निचर संग्रहालयात मांडलेलं आहे.

आपण यातून काय घ्यायचं?

आज मोबाइल उघडला की कुणी ना कुणी सांगत असतं की चित्र असं काढा, व्हिडिओ असा करा, लिहा असं, हेच चालतं. सांगणारे सगळेच चुकीचे असतात असं नाही. लीचही चुकीचा नव्हता, त्याची भांडी सुंदरच आहेत. प्रश्न एवढाच की त्याचं माप ल्यूसीच्या हाताला बसत नव्हतं.

सल्ला कुणी दिला, त्याचं वय काय, नाव काय, हे आपण आधी बघतो. ल्यूसीने सल्ला देणारा नक्की काय पाहून बोलतोय ते बघितलं. म्हणून गुरूचा सल्ला सोडायची आणि पोराचा घ्यायची हिंमत तिला झाली.

स्टुडिओ पॉटरची भांडी पाहायची एक युक्ती आहे, भांडं उलटं करून तळ पाहायचा. तिथे कुंभाराचा छोटा शिक्का असतो. पन्नासच्या दशकात ॲल्बियन म्यूजमधून जे कॉफीचे कप बाहेर पडले, त्यातल्या कित्येकांच्या तळाला दोन शिक्के आहेत. एक ल्यूसी रीचा आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच आकाराचा, बटणं दाबायला आलेल्या हान्स कोपरचा.